'एनी' म्हणजे कोणताही, काही की एकही? फोनवरचा हा छोटा शब्द नीट समजून घेऊया

तुमच्या फोनवर 'एनी' हा इंग्रजी शब्द किती ठिकाणी दिसतो ते एकदा बघा. बँकेचा एसएमएस सांगतो, 'डू नॉट शेअर ओटीपी विथ एनीवन'. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल शेअर करताना पर्याय येतो, 'एनीवन विथ द लिंक'. ऑनलाइन फॉर्म म्हणतो, 'अपलोड एनी वन ऑफ द फॉलोइंग डॉक्युमेंट्स'. ॲपच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, 'ॲट एनी टाइम, फॉर एनी रीझन'. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी पहिला मेसेज पडतो, 'एनी अपडेट्स?'

शब्द एकच, पण मराठीत सांगायचं झालं तर कुठे 'कोणताही', कुठे 'काही', कुठे 'एकही', तर कुठे 'कुणालाही'. शाळेत आपण 'एनी म्हणजे कोणताही' एवढंच पाठ केलेलं असतं. त्यामुळे लिहिताना वाक्य चुकतं. आणि वाचताना चूक झाली, तर कधीकधी ती महागात पडते. या लेखात दोन्ही बाजू बघूया.

मूळ कल्पना: डोळे मिटून एक उचला

'एनी' हा डिटर्मिनर आहे, म्हणजे नामाच्या आधी येऊन 'कोणता' किंवा 'किती' हे ठरवणारा शब्द. जुन्या इंग्रजीत याचं रूप 'एनिग' असं होतं आणि ते 'एक' या अर्थाच्या शब्दापासून बनलं होतं. आजचे 'वन', 'अ' आणि 'ॲन' हेही त्याच घरातले. म्हणजे 'एनी'च्या पोटात मुळात 'एक' आहे, पण कोणता एक ते ठरलेलं नाही.

समजा ड्रॉवरमध्ये दहा टाइप-सी केबल पडल्या आहेत आणि मित्र म्हणाला, 'एनी केबल विल वर्क'. याचा अर्थ, डोळे मिटून हात घाल, जी हाताला लागेल ती चालेल. वाक्यात गोष्ट एकाच केबलची आहे, पण दावा मात्र दहाही केबलबद्दलचा आहे. त्यातली एक जरी चालली नाही तरी त्याचं वाक्य खोटं ठरतं.

म्हणून 'एनी' असलेला दावा तपासायची पद्धत सोपी आहे: एक अपवाद शोधा. 'एनी टाइप-सी केबल विल फास्ट-चार्ज युअर फोन' हे वाक्य या परीक्षेत नापास होतं. टोकाचा आकार सारखा असला तरी सगळ्या केबल सारखीच वीज वाहून नेत नाहीत, आणि काही कंपन्यांच्या फास्ट चार्जिंगला त्यांचीच ठरावीक केबल लागते.

'ही' आणि 'तरी': मराठीतच दडलेली किल्ली

'एनी' वापरायचा की 'सम', हा गोंधळ बहुतेकांना असतो. त्याचं उत्तर आपल्या भाषेत आधीच आहे. या जोड्या मोठ्याने म्हणून बघा:

कुणीतरी म्हणजे समवन, कुणीही म्हणजे एनीवन.
काहीतरी म्हणजे समथिंग, काहीही म्हणजे एनीथिंग.
कुठेतरी म्हणजे समव्हेअर, कुठेही म्हणजे एनीव्हेअर.
कधीतरी म्हणजे समटाइम, कधीही म्हणजे एनी टाइम.

मराठीत 'तरी' लागला की इंग्रजीत 'सम', आणि 'ही' लागला की 'एनी'. 'कुणीतरी फोन उचलला' हे 'समवन पिक्ड अप द फोन'. इथे 'एनीवन पिक्ड अप' चालणार नाही, कारण उचलणारी व्यक्ती एक ठरलेली आहे, फक्त ती कोण हे आपल्याला माहीत नाही. 'हा फोन कुणीही दुरुस्त करू शकतं' हे मात्र 'एनीवन कॅन रिपेअर धिस फोन'.

'माझ्याकडे चार्जर आहे' यासाठी कुणी 'आय हॅव एनी चार्जर' लिहीत असेल, तर ते का चुकीचं हेही आता दिसेल. तुमच्याकडे आहे तो ठरलेला चार्जर आहे. तिथे 'अ चार्जर' हवं.

ही किल्ली जवळजवळ सगळीकडे चालते. दोनच ठिकाणी अडते: नकारात आणि प्रश्नात. तिथे जरा थांबूया.

नकार: जागा चुकली की वाक्य चुकलं

आपण म्हणतो, 'कोणताही मेसेज आला नाही'. मराठीत 'कोणताही' आधी येतो आणि 'नाही' शेवटी. हीच रांग इंग्रजीत नेली की तयार होतं, 'एनी मेसेज डिड नॉट कम'. हे चुकीचं आहे आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत वारंवार सापडतं.

नियम एवढाच: नकाराच्या जोडीला 'एनी' वापरायचा असेल, तर नकार आधी आणि 'एनी' नंतर. इंग्रजीत कर्ता वाक्याच्या सुरुवातीला बसतो, त्याच्या आधी 'नॉट' ठेवायला जागाच नसते. मग 'नो' वापरायचा: 'नो मेसेज केम'. किंवा वाक्य फिरवायचं: 'आय डिडन्ट गेट एनी मेसेज'.

तसंच 'एनीवन डिडन्ट रिप्लाय' नाही, तर 'नो वन रिप्लाइड'. 'एनी ॲप इज नॉट वर्किंग' नाही, तर 'नन ऑफ द ॲप्स आर वर्किंग'.

काही शब्दांत नकार लपलेला असतो. 'विदाउट', 'नेव्हर', 'हार्डली' यांच्यानंतरही 'एनी' येतो: 'विदाउट एनी रीझन', 'आय हार्डली हॅव एनी स्टोरेज'. आणि 'नॉट'बरोबर 'नो' घेऊ नका. 'आय डोन्ट हॅव नो बॅलन्स' हे काही बोलींमध्ये आणि गाण्यांमध्ये चालतं, अर्जात आणि ईमेलमध्ये नाही. तिथे 'आय डोन्ट हॅव एनी बॅलन्स'.

आता सगळ्यात कामाचा फरक. 'नॉट एनी' आणि 'नॉट ऑल' एकच नाहीत. एआय चॅटबॉटला किंवा कोड लिहून देणाऱ्या एखाद्या टूलला सूचना देताना 'डोन्ट डिलीट ऑल द फाइल्स' असं लिहिलं, तर त्याचा एक अर्थ 'सगळ्या उडवू नको, काही उडवल्या तर चालेल' असाही निघतो. तुम्हाला म्हणायचं असतं, 'एकही फाइल उडवू नको'. त्यासाठी वाक्य आहे 'डोन्ट डिलीट एनी फाइल्स'. गंमत म्हणजे मराठीतही 'सगळ्या फाइल्स उडवू नकोस' हे तितकंच दुहेरी आहे. मनात 'एकही' असेल तर इंग्रजीत 'नॉट'बरोबर 'एनी' लिहा, हे पक्कं लक्षात ठेवा.

प्रश्न आणि 'जर'

मराठीत आपण विचारतो, 'काही अडचण आहे का?' इथे 'ही' वेगळा लागलेला नाही, 'तरी'ही नाही. इंग्रजीत मात्र 'एनी' येतो: 'इज देअर एनी प्रॉब्लेम?' उत्तर हो असेल की नाही हे माहीत नाही, म्हणून दार उघडं ठेवायचं. 'जर'चं वाक्यही असंच: 'इफ यू फेस एनी इश्यू, कॉल अस'.

प्रश्नात 'सम' अजिबात येत नाही असं नाही. 'हो' हेच उत्तर अपेक्षित असेल तेव्हा 'सम' येतो. पाहुण्याला चहा विचारताना 'वुड यू लाइक सम टी?' हेच नेहमीचं, कारण त्यात आग्रह आहे. स्वतः मदत मागताना 'कॅन आय गेट सम हेल्प?' बरोबर. पण ग्राहकाला 'डू यू हॅव सम प्रॉब्लेम?' असं लिहिलं, तर तुम्ही अडचण आहे असं गृहीतच धरलंय असं वाटतं. तिथे 'एनी' सभ्य.

पुढच्या नामाबद्दल एक छोटी गोष्ट. प्रश्नात आणि नकारात मोजता येणारं नाम बहुतेकदा अनेकवचनी येतं: 'एनी मेसेजेस', 'एनी क्वेश्चन्स'. न मोजता येणारं नाम तसंच राहतं: 'एनी डेटा', 'एनी इन्फर्मेशन'. 'इन्फर्मेशन्स' असा शब्द वापरू नका. आणि 'वाट्टेल तो एक' असा अर्थ असेल तर एकवचन: 'एनी फोन', 'एनी ब्राउझर'. 'एनीवन' नेहमी एकवचनी, म्हणून 'डझ एनीवन नो?', 'डू एनीवन' नाही.

'एनीवन' हा जोडून लिहिलेला शब्द फक्त माणसांसाठी आहे. 'एनी वन' असं तोडून लिहिलं की अर्थ 'यांपैकी कोणतंही एक', मग ते कागदपत्र असो वा प्रश्न.

निवड कुणाच्या हातात?

व्याकरण झालं. आता वाचताना उपयोगी पडणारा एक प्रश्न. 'एनी' म्हणजे कुणीतरी डोळे मिटून एक उचलणार. मग तो उचलणारा कोण? प्रत्येक वेळी हे विचारा.

परीक्षेत 'अटेम्प्ट एनी थ्री' लिहिलेलं असतं तेव्हा निवड तुमची. पाचपैकी सोपे वाटतील ते तीन सोडवा. फॉर्ममध्ये 'एनी वन ऑफ द फॉलोइंग डॉक्युमेंट्स' असेल तेव्हाही निवड तुमचीच. यादीत आधार, पॅन, पासपोर्ट आणि मतदार ओळखपत्र असेल, तर एक पुरे. चारही अपलोड करायची गरज नाही. जितकी कमी कागदपत्रं बाहेर जातील तितकं बरं. पण 'ऑल ऑफ द फॉलोइंग' लिहिलं असेल, तर एक राहिलं तरी अर्ज परत येऊ शकतो.

आता ॲपच्या अटी घ्या. 'वी मे सस्पेंड युअर अकाउंट ॲट एनी टाइम, फॉर एनी रीझन'. इथेही 'एनी'च आहे, पण उचलणारा हात कंपनीचा आहे. वेळ ती निवडणार, कारणही तीच निवडणार. कायदा या वाक्याला किती मान देईल हा वेगळा विषय, पण वाक्य काय मागतंय ते स्पष्ट आहे. जिथे 'मे' आणि 'एनी' एकत्र दिसतील तिथे कर्ता कोण आहे ते बघा. 'यू मे चूज एनी' ही सोय आहे, 'वी मे चेंज एनी' हा अधिकार आहे.

तिसरा प्रकार, जिथे निवड ना तुमची ना कंपनीची. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल 'एनीवन विथ द लिंक' केली की लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती उघडू शकतो. त्याला साइन इन करायचीही गरज नसते. तुम्ही लिंक एका मैत्रिणीला दिलीत, तिने ती कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती आणखी कुठे गेली. तो प्रत्येक जण 'एनीवन'मध्ये बसतो. नोट्ससाठी हे ठीक आहे. पण आधारचा फोटो, मार्कशीट, बँकेचं पासबुक यांसाठी 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा आणि हव्या त्या माणसाचा ईमेल टाकून परवानगी द्या. जुन्या फाइल्सचं शेअरिंग कोणत्या पर्यायावर आहे तेही आज एकदा तपासा.

सर्चमध्ये आणि कोडमध्ये 'एनी'

गूगलच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये वेगवेगळ्या चौकटी असतात. त्यात 'ऑल दीज वर्ड्स', 'एनी ऑफ दीज वर्ड्स' आणि 'नन ऑफ दीज वर्ड्स' या तीन आहेत. पहिल्या चौकटीत टाकलेले सगळे शब्द पानावर हवेत. दुसऱ्या चौकटीतला एक असला तरी चालेल. तिसऱ्यातला एकही नको. म्हणजे 'ऑल'ने जाळं लहान होतं, 'एनी'ने मोठं.

प्रोग्रामिंगमध्येही हीच जोडी आहे. पायथन भाषेत 'एनी' आणि 'ऑल' नावाची दोन तयार फंक्शन्स आहेत. अटींची यादी दिली की 'एनी' सांगतं, निदान एक अट खरी आहे का, आणि 'ऑल' सांगतं, सगळ्या खऱ्या आहेत का. पासवर्ड बरोबर आणि ओटीपी बरोबर, अशा दोन अटी असलेल्या लॉगिनमध्ये 'ऑल'च्या जागी चुकून 'एनी' पडलं, तर नुसत्या ओटीपीवरही दार उघडेल. तीन अक्षरांच्या एका इंग्रजी शब्दाच्या जागी दुसरा, आणि सुरक्षा अर्धी!

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेल्या टाइपस्क्रिप्ट भाषेतही 'एनी' आहे, पण तिथे अर्थ वेगळा. एखाद्या व्हेरिएबलचा टाइप 'एनी' ठेवला की त्यात काहीही टाका, तपासणी होत नाही. पायथनचा 'एनी' म्हणजे 'निदान एक', टाइपस्क्रिप्टचा 'एनी' म्हणजे 'वाट्टेल ते'. इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ दोन भाषांनी वाटून घेतले.

हा दुहेरीपणा गणितज्ञांनाही त्रास देतो. पॉल हॅल्मोस या गणितज्ञाने १९७० मध्ये गणित कसं लिहावं यावरच्या निबंधात सल्ला दिला होता की गणिताच्या लिखाणात 'एनी' वापरूच नये, त्याऐवजी 'ईच' किंवा 'एव्हरी' लिहावं. कारण 'एनी' कधी 'निदान एक' असतो, तर कधी 'प्रत्येक'.

न्यायाधीशांचंही एकमत झालं नाही

हे फक्त शिकणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या एका कायद्यानुसार, 'एनी कोर्ट'मध्ये ठरावीक गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. एका माणसाला जपानमधल्या न्यायालयात शिक्षा झाली होती. मग 'एनी कोर्ट'मध्ये जपानचं न्यायालय येतं का? २००५ मध्ये 'स्मॉल विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, नाही, इथे फक्त अमेरिकेतली न्यायालयं धरायची.

तीन वर्षांनी, २००८ मध्ये, 'अली विरुद्ध फेडरल ब्युरो ऑफ प्रिझन्स' हा खटला आला. एका कैद्याचं सामान तुरुंग बदलताना हरवलं होतं आणि तो भरपाई मागत होता. सरकारला ज्या कलमाने संरक्षण होतं त्यात कस्टम्स आणि एक्साइज अधिकाऱ्यांनंतर 'एनी अदर लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर' असे शब्द होते. तुरुंगाचे अधिकारी त्यात बसतात का? या वेळी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी 'एनी'चा व्यापक अर्थ घेतला. बसतात. कैद्याचा दावा फेटाळला गेला.

शब्द तोच, न्यायालय तेच, आणि निकाल उलट दिशांना. 'एनी' म्हणजे 'कोणताही' हे दोन्हीकडे मान्य होतं. भांडण होतं ते कशातला कोणताही, यावर. तुम्हीही 'एनी' वाचाल तेव्हा विचारा, ड्रॉवर केवढा आहे?

ओटीपीच्या मेसेजमधला 'एनीवन'

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो तो बँकेच्या त्या एका ओळीत. 'डू नॉट शेअर ओटीपी विथ एनीवन'. नकार आधी, 'एनी' नंतर, म्हणजे अर्थ 'एकालाही नाही'. आणि 'एनीवन'च्या मागे काहीही मर्यादा लिहिलेली नाही. 'एनी स्ट्रेंजर' नाही, 'एनीवन आउटसाइड द बँक' नाही. ड्रॉवरचा आकार अख्खं जग आहे.

फसवणारा नेमकी इथेच फट शोधतो. तो अनोळखी म्हणून फोन करत नाही. तो म्हणतो, मी बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद पडतंय, आलेला नंबर सांगा. ऐकणाऱ्याच्या मनात 'एनीवन' म्हणजे 'परका कुणी' एवढाच अर्थ असतो, आणि बँकेचा माणूस काही परका वाटत नाही. पण वाक्यानुसार बँकेचा कर्मचारीही त्यात येतो, कस्टमर केअरही येतं, पोलीस असल्याचं सांगणाराही येतो. इथे अपवाद एकही नाही.

पैशांच्या दृष्टीनेही याला वजन आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं आहे की ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने, उदाहरणार्थ पेमेंटची गुप्त माहिती दुसऱ्याला सांगून, नुकसान ओढवून घेतलं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून चूक झालीच तर लाजू नका, लगेच बँकेला कळवा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि घरातल्या मोठ्यांना हा मेसेज मराठीत सांगताना 'कुणाला सांगू नका' एवढ्यावर थांबू नका. 'बँकेच्या माणसालाही सांगू नका' असं म्हणा.

स्वतः तपासून बघा

खालच्या वाक्यांचं इंग्रजी आधी मनात करा, मग पुढचं उत्तर वाचा.

१. माझ्या फोनमध्ये एकही गेम नाही. – देअर आरन्ट एनी गेम्स ऑन माय फोन.
२. कुणीतरी माझा पासवर्ड बदलला. – समवन चेंज्ड माय पासवर्ड.
३. कुणीही उत्तर दिलं नाही. – नो वन रिप्लाइड.
४. कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडेल. – इट विल ओपन इन एनी ब्राउझर.
५. काही शंका असेल तर विचारा. – इफ यू हॅव एनी डाउट्स, आस्क.
६. एकही फोटो डिलीट करू नकोस. – डोन्ट डिलीट एनी फोटोज.

तिसऱ्या वाक्यात 'एनीवन' लिहिलं असेल, तर नकाराचा भाग पुन्हा एकदा वाचा. सहाव्यात 'ऑल' लिहिलं असेल, तर फोटोंचा बॅकअप आधी घेऊन ठेवा.